सुपांची बेरीज

"यंदा सुपांची मोजणी मी करते," असं प्रणिताने भावकीच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजून अकरा मिनिटांनी तिला पश्चात्ताप झाला. पण तोवर सात अंगठे येऊन पडले होते, आणि भावकीने एकदा अंगठा दिला की तो मागे घेत नाही.

दोष किमयाचा होता. दोन वर्षांची ही मुलगी दुपारी सव्वा तास झोपते, आणि त्या सव्वा तासात प्रणिता घरबसल्या प्रोग्रामिंगचा कोर्स करते. पेणजवळच्या त्या गावात या कोर्सला सगळे "टकटक" म्हणत. "प्रणिता काय करते?" असं कोणी विचारलं की सासूबाई, म्हणजे मालूबाई, "आत टकटक करते," म्हणून सांगत. त्यात टोमणा नव्हता, पण कौतुकही नव्हतं. कुकरची शिट्टी झाली म्हणून सांगावं तसं त्या सांगत. आपली टकटक एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडावी, अशी प्रणिताची फार दिवसांची इच्छा होती. त्या दुपारी किमया लवकर झोपली, इच्छा अनावर झाली, आणि बोट ग्रुपवर गेलं.

सुपांचं प्रकरण असं, की यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात येणार होत्या. नव्या सुनेचा पहिला ओवसा गौरी पूर्वात आल्या तरच करतात. नाही आल्या तर सून थांबते, पुढच्या पूर्वाची वाट बघते. ओवसा म्हणजे सुपं हवीत. त्यात फळं, काकडी, विड्याची पानं, सुपारी मांडायची, सुपाला सूत गुंडाळायचं, आधी गौरीपुढे ओवसायचं आणि मग एकेक सूप थोरामोठ्यांच्या हाती द्यायचं. कोणाला पाच लागतात, कोणाला दहा. प्लॅस्टिकचं सूप चालत नाही. बांबूचं लागतं, आणि तेही गंगीच्या हातचं. गंगी रोह्याच्या पलीकडे नदीकाठच्या वाडीवर राहते आणि तीस वर्षं या भावकीला सुपं पुरवते. तिची अट एकच. नारळी पुनवेच्या आत आकडा सांगायचा. पुढे बांबूही मिळत नाही आणि गंगीही.

दोन वर्षांपूर्वीच्या पूर्वाला ही मोजणी चुलतसासरे दाजी यांनी बोटांच्या पेरांवर केली होती. एक पेर निसटलं. ऐन ओवशाला एका सुनेला सूप कमी पडलं आणि मोरीमागचं तांदूळ पाखडायचं सूप धुऊन-पुसून गौरीपुढे ठेवावं लागलं. त्यात दोन तुसं चिकटलेली राहिली होती. ती दोन तुसं त्या सुनेच्या माहेरी अजून निघतात.

यंदा घरात सुरभी होती. धाकटा दीर सुशीलची बायको, लग्नाला सहाच महिने झालेली. मालूबाईंनी बजावलं होतं, "सुरबीच्या ओवशात खोट नको. एकपन सूप कमी आलं तर मी गौरीला काय तोंड दावू?"

म्हणजे बघा, एका बाजूला गौर, दुसऱ्या बाजूला टकटक, आणि मधे प्रणिता.

तिची कल्पना साधी होती. लोक ग्रुपवर मनाला येईल तसं लिहितात. "आमची १० धरा", "5 सुपे पाहिजेत काकी". हे सगळं एका लांबलचक मजकुरात गोळा करायचं, प्रोग्रामने त्यातले आकडे वेचायचे आणि बेरीज करायची. कोणी सकाळी पाचाची दहा केली तरी संध्याकाळी पुन्हा चालवला की नवी बेरीज तयार. तांदळातून खडे वेचण्यासारखंच काम, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचा.

पहिल्या दिवशी चार घरांनी लिहिलं. दाजींची दहा, हैबतरावांची पंधरा, धोंडुबाईंची पाच, आणि प्रणिताच्या घरची, म्हणजे सुरभीची, दहा. प्रोग्राम चालवला. उत्तर आलं, तेरा.

प्रणिताने डोळे चोळले. पुन्हा चालवला. कॉम्प्युटरचा एक गुण आहे, चूक असो वा बरोबर, तो आपल्या मतावर ठाम राहतो. तेरा.

नवरा सुजय रोह्याच्या कंपनीत शिफ्टला असतो. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी अंथरुणात ज्या आवाजात सल्ला देतो त्या आवाजात तो म्हणाला, "एक्सेलमधे टाक." आणि कूस बदलून घोरायला लागला.

चूक सुरभीने पकडली. तिला प्रोग्रामिंगचा गंध नव्हता, पण ओवसा तिचा होता. "ताई," ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "हा दहाला एक न् शून्य म्हणतोय का? पंधराला एक न् पाच, सहा. एक, सहा, पाच, एक. झाले की तेरा."

खरंच तसं होतं. प्रोग्राम एकेक अक्षर बघत होता आणि अंक दिसला की बेरजेत ढकलत होता. दहा सुपं मागणाऱ्याला एक आणि पाच मागणाऱ्याला पाच, असा त्याचा न्याय. प्रणिताने तो सुधारला. शेजारी-शेजारी आलेले अंक एक आकडा समजून वाचायला शिकवला. शिवाय कोर्समध्ये सांगितलं होतं की आकडा ऋणही असू शकतो, तेव्हा आकड्याच्या आधी आडवी रेघ दिसली तर वजा धरायचं. तेही घातलं. काम करायचं तर नीट करावं, हा तिचा स्वभाव. हाच पुढे नडला.

आता उत्तर आलं, तीस. हवं होतं चाळीस.

धोंडुबाई दोन घरं सोडून राहतात. त्यांचा निरोप त्यांच्या नातीने टाइप केला होता आणि आपण सगळेच लिहितो तसा लिहिला होता, "धोंडुबाई -5". नाव, रेघ, आकडा. प्रोग्रामने विचारपूर्वक ठरवलं की धोंडुबाईंना पाच सुपं द्यायची नसून धोंडुबाईंनीच पाच सुपं आणून द्यायची आहेत.

हे प्रणिताने हसत हसत फक्त सुरभीला सांगितलं. सुरभीने भाजी निवडताना फक्त मालूबाईंना. संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला.

"काय गो परणिता! मी पाच मागितली, आन् तुजं मशीन म्हनतंय धोंडुबायनंच द्यायचीत? मी काय सुपांची कारखानदार हाय?"

"तसं नाही काकी, ती रेघ..."

"रेघबिघ मला नको सांगू. आमच्यात देनं म्हनजे देनं आन् मागनं म्हनजे मागनं. मशीनला येवडं पन कळत नाय?"

रात्री जेवण होण्याआधी धोंडुबाईंचा नवा निरोप ग्रुपवर आला. या वेळी नातीकडून पूर्ण अक्षरांत लिहून घेतलेला: "धोंडुबाईची पाच सुपं. पाच म्हणजे पाच." आता कोणाची छाती होती त्यापुढे रेघ मारायची!

इथवरचे घोटाळे घरगुती होते. त्यांना सरकारी वळण दिलं हैबतरावांनी.

हैबतराव एका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक बारनिशीला होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कागद आत येताना आणि बाहेर जाताना नोंद झालीच पाहिजे, हे त्यांच्या रक्तात आहे. ग्रुपचे अॅडमिन तेच. कोणी नुसतं "शुभ सकाळ" लिहिलं तरी ते "पोचले" असं उत्तर देतात. रेघेचं प्रकरण कानावर आल्यावर त्यांनी प्रणिताला बोलावून घेतलं आणि चहा पाजला.

"सूनबाई, तुझी चूक नाही. मजकुराला शिस्त नाही. नमुना पाहिजे, नमुना! एक विहित नमुना दिला की यंत्राचं काम सोपं होतं."

प्रणिताला ते इतकं पटलं की चहा गार झाल्याचंही कळलं नाही. "दुसरा करते," हैबतरावांच्या मंडळी म्हणाल्या. "माझं राहू दे," म्हणत तिने तो तसाच प्यायला. गेल्या दोन वर्षांत हे तीन शब्द तिच्या तोंडी इतके बसले होते की विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाहेर पडत.

दुसऱ्या दिवशी विहित नमुना ग्रुपवर झळकला. अनुक्रमांक. घर क्रमांक. दिनांक. कुटुंबप्रमुखाचे नाव. सुपांची संख्या. मोबाईल क्रमांक. खाली टीप: अपूर्ण नमुने विचारात घेतले जाणार नाहीत.

भावकी बिथरली, पण भरला सगळ्यांनी. दहापैकी नऊ घरांचे नमुने आले. धोंडुबाईंनी "मी एकदा सांगितलंय" एवढंच कळवलं. किमया झोपल्यावर प्रणिताने सगळं एकत्र केलं आणि मोठ्या आशेने प्रोग्राम चालवला.

उत्तर एका ओळीत मावलं, पण वाचायला तिला एकं-दहं-शतं करत बोट फिरवावं लागलं. आठ हजार कोटींच्या वर सुपं! जगातल्या प्रत्येक माणसाला दहा-दहा दिली तरी थोडी उरली असती. प्रोग्रामने भावकीचे सगळे मोबाईल नंबर इमानदारीने बेरजेत घेतले होते. वर घर क्रमांक, तारीख, वर्ष हेही. हैबतरावांच्या शिस्तीतला एकही आकडा त्याने वाया जाऊ दिला नव्हता.

"किती आली गो?" मालूबाईंनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"बघतेय, आई."

"परवा पुनव हाय."

"बघतेय."

दाजी पडवीत बसले होते. ते काही बोलले नाहीत. नुसती बोटांची पेरं मोजायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुनवेच्या आदल्या दिवशी, प्रणिता किमयाला कडेवर आणि लॅपटॉप खांद्यावर घेऊन पेणहून रोह्याची गाडी पकडून निघाली. गंगीपुढे जाऊन बसायचं आणि निदान अंदाजाने तरी आकडा सांगायचा, असा तिचा बेत होता. पराभव पत्करायचा तर तो समक्ष पत्करावा. कासूला किमयाने चप्पल खाली टाकली, नागोठण्याला दुसरी. दुसरी सापडली नाही. रोह्याला उतरली ती एका पायात चप्पल असलेली मुलगी, आणि काहीच ठिकाणावर नसलेली आई.

गंगी बाजारात टोपल्यांच्या उतरंडीआड बसली होती. सगळं ऐकून तिने बांबूच्या काड्यांची एक मूठ पुढे ओढली.

"मला वाचता येत नाय. तू वाच. मी काड्या टाकते."

"मावशी, फार आकडे आहेत त्यात."

"वाच गो तू."

प्रणिता वाचू लागली. "अनुक्रमांक तीन. घर क्रमांक दोनशे बारा. दिनांक..." गंगीचा हात हलला नाही. "सुपांची संख्या पाच." पाच काड्या पडल्या. "मोबाईल क्रमांक..." हात पुन्हा गप्प. एक नमुना, दोन नमुने, तीन. प्रत्येक वेळी तेच. मधल्या आकड्यांच्या भाऊगर्दीत गंगीला नेमका हवा तोच आकडा ऐकू येत होता.

"मावशी, तुम्हाला कसं कळतं कुठला धरायचा?"

विचारणारी खरंच शिकलेली आहे ना, अशा नजरेने गंगीने तिच्याकडे पाहिलं. "आकडा धरतंय कोन! मी सूप ऐकते. सुपाच्या बाजूला जो आकडा बसलाय तो माजा. बाकीचे ज्याचे त्याचे."

प्रणिता वाचायची थांबली. सुपाच्या बाजूला बसलेला आकडा! इतके दिवस ती आकडे शोधत होती. शोधायचं होतं सूप.

तिने तिथेच टोपल्यांच्या आडोशाला लॅपटॉप उघडला. मजकुरात आधी सूप शोध, मग त्याच्या जवळचा आकडा उचल, बाकीचे सोडून दे. चार ओळी बदलल्या. किमयाने मांडीवरून हात घालून एक बटण दाबलं, ते पुसून पुन्हा लिहिलं. चालवला. पासष्ट.

गंगीच्या काड्या भरल्या सत्तर.

"पाच कमी," प्रणिता म्हणाली.

"कोनाची?"

एकेक घर ताडून पाहिलं. धोंडुबाई! त्यांची पाच अक्षरांत होती आणि प्रोग्रामला आकडेच कळत होते. अर्थात, पाच म्हणजे पाच हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं. चालवला. सत्तर.

समोर सत्तर काड्या आणि स्क्रीनवर सत्तर. प्रणिताने भर बाजारात किमयाचे पटापट मुके घेतले. गंगी हसली, काड्यांची मोळी बांधली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "आन् तुजी किती?"

"आमच्या घरची आली ना, सुरभीची दहा."

"तुजी म्हनलं मी."

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. किमयाची उरलेली चप्पल सापडत नव्हती. "माझं राहू दे," प्रणिता म्हणाली आणि उठली.

त्याचं असं होतं. मागच्या पूर्वाला प्रणिताचा ओवसा ठरला होता. पण गौरी आल्या त्याच्या दोनच दिवस आधी किमया आली. तेरड्याची गौर घरात बसली तेव्हा प्रणिता पेणच्या दवाखान्यात होती. तिची पाच सुपं माळ्यावर राहिली, त्या सुनेला सूप कमी पडलं तेव्हाही कोणाला आठवली नाहीत, आणि नंतर कोणाकोणाच्या घरी गेली. त्याविषयी पुढे कोणी बोललं नाही. बाळ आलं, घर भरलं, मग सुपांचं काय एवढं! प्रणितासुद्धा बोलली नाही.

"एकूण सुपे 70," तिने गाडीतूनच ग्रुपवर टाकलं. हैबतरावांचं उत्तर आलं: "पोचले."

गौरी यायच्या चार दिवस आधी गंगी एसटीने सुपं घेऊन आली. कंडक्टरच्या यंत्रात सामानाच्या यादीत सूप नव्हतं, म्हणून त्याने वाटभर टोपली, चटई, पंखा असं एकेक बटण दाबून पाहिलं होतं. शेवटी पावती "इतर" या सदरात फाटली. अंगणात भावकी जमली. हैबतराव वही घेऊन बसले आणि एकेक नग मोजून घेऊ लागले. पन्नास. साठ. सत्तर. प्रणिताने श्वास सोडला.

"एकाहत्तर," हैबतराव म्हणाले.

भावकी पुढे सरकली.

"पंच्याहत्तर. पाच नग अधिक." त्यांनी चष्मा काढला. "सूनबाई, कमी भरले तर चूक, तशी जास्त भरले तरी चूकच. खुलासा द्यावा लागेल."

"माजी वजा केलेली पाच असतील," धोंडुबाई म्हणाल्या. "परत आली वाटतं."

प्रणिताने लॅपटॉप आणला. चालवला. सत्तर. पुन्हा चालवला. सत्तर. सुरभी तिच्या खांद्यामागे उभी राहून देवाचं नाव घेत होती. दाजींनी पेरं मोजली आणि दुःखी चेहऱ्याने पंच्याहत्तरच सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बरोबर आलं होतं.

"गंगीमावशी," प्रणिताने विचारलं, "तुमच्या काड्या सत्तरच होत्या ना?"

"व्हत्या."

"मग?"

गंगीने पदराने मान पुसली आणि मालूबाईंकडे पाहिलं. मालूबाई तेरडा ठेवायची पाटी धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पाच मी सांगितलीत," त्या म्हणाल्या. "गंगीच्या पोराच्या, मारुतीच्या फोनवर. ह्या गंगीनंच इचारलं, थोरलीचं काय म्हनून. मलाच लाज वाटली, मला आधी नाय सुचलं ते."

"कोणाची पाच?" हैबतरावांनी लेखणी सरसावली.

"परणिताची. हिचा ओवसा ऱ्हायलाय. हिनं समद्यांना इचारलं, किती पायजेत, किती पायजेत. हिला कोनी इचारलं काय?" मग त्या प्रणिताकडे वळल्या. "तुजं मशीन बरोबर हाय गो. तू त्याला सांगितलंच नायस, तर त्याला कसं कळनार?"

अंगणात एवढी माणसं असताना रडू येणं बरं दिसत नाही, म्हणून प्रणिता स्क्रीनकडे बघत राहिली. स्क्रीनवरचे सत्तर पसरट दिसायला लागले. सुरभीने लॅपटॉप हळूच तिच्या हातून काढून घेतला. मोजून पाच सुपं बाजूला झाली. त्यांतल्या एकात किमया जाऊन बसली आणि उठायला तयार होईना.

"मालूवहिनी," हैबतराव घसा खाकरून म्हणाले, "ही मागणी लेखी होती की तोंडी?"

"तोंडी. आन् पुढच्या येळंला पन तोंडीच आसंल."

दुपारी किमया झोपली. सव्वा तास. प्रणिताने लॅपटॉप उघडला, मजकुराच्या तळाशी गेली आणि दहा घरांच्या खाली अकरावी ओळ लिहिली: "प्रणिता, 5 सुपं." चालवला. पंच्याहत्तर. मग ग्रुपवर खुलासा लिहिला: "पाच सुपे यादीत नव्हती. ती यादी करणारीची होती."

मग एकामागून एक अंगठे येऊ लागले. धोंडुबाईंच्या नातीने फुलं टाकली, आठ-दहा. शेवटी हैबतरावांचं उत्तर आलं.

"खुलासा मान्य. मात्र विहित नमुन्यात मोबाईल क्रमांक भरलेला नाही."

बाहेरून मालूबाईंची हाक आली, "येतेस काय गो? सुपांना सूत गुंडाळायचंय." प्रणिताने लॅपटॉप मिटला, फोन उचलला आणि जाता जाता दोनच शब्द टाइप केले.

"राहू दे."